वाघाच्या शेजारी राहणाऱ्या गावांसाठी निधी कुठे लावावा?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील आपल्या मित्रमंडळाने ताडोब्याजवळच्या गावांत काम करण्यासाठी दरवर्षी साधारण सहा लाख रुपये उभे करण्याचे ठरवले आहे. त्यातून शाळांमध्ये जनजागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, वनखात्याला काही ट्रॅप कॅमेरे, म्हणजे वाटेवरून जाणाऱ्या प्राण्याचे छायाचित्र आपोआप टिपणारे कॅमेरे, द्यावेत आणि गावांत सौर दिवे लावावेत, असा आपला विचार आहे. आणि वन्यजीव संरक्षणाला स्थानिकांचा पाठिंबा मिळवण्यासाठी आणखी काय करता येईल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी बावीस वर्षे चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या बफर क्षेत्रातल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांसोबत काम करतो आहे. त्या अनुभवातून जे उमगले ते सांगतो; काही ठिकाणी ते आपल्या योजनेच्या विरोधात जाईल.

सुरुवात 'पाठिंबा मिळवणे' या शब्दांपासूनच करावी लागेल. या गावांतली माणसे वाघाच्या विरोधात आहेत आणि त्यांचे मन वळवायचे आहे, असे गृहीत त्या शब्दांमागे आहे. ताडोबा हे नावच मुळी तारू या गोंड देवावरून आले. वाघाशी लढताना मेलेल्या गावप्रमुखाची ती कथा आहे, त्याचे ठाणे तलावाच्या काठी आहे आणि पौषात तिथे यात्रा भरते. ज्यांच्या देवाची गोष्टच वाघापासून सुरू होते, त्यांना वाघ म्हणजे काय हे भित्तिपत्रकातून शिकवायला जाणे मला नेहमीच अवघडल्यासारखे वाटत आले आहे. या लोकांना माहिती कमी नाही. संरक्षणाचा जो खर्च साऱ्या देशाने उचलायला हवा, त्याचा मोठा वाटा ऐंशीच्या आसपास गावांच्या अंगावर पडतो, ही त्यांची अडचण आहे. आपला निधी हा खर्च कमी करण्याकडे वळवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढचे सगळे त्याचा तपशील समजावे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे, क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर. त्याला लागून असलेले अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झाले, ५०८.८५ चौरस किलोमीटरचे. दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये आकाराला आला आणि २०१० मध्ये त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र अधिसूचित झाले. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात बफरचा हेतू स्पष्ट लिहिलेला आहे: तिथे माणूस आणि वन्यप्राणी यांचे सहजीवन वाढीस लागावे, आणि ते करताना स्थानिकांच्या उपजीविकेच्या, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांची दखल घेतली जावी. दरम्यान राज्यातील वाघांची संख्या २०१४ च्या १९० वरून २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वर गेली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण दोन-अडीच वर्षांचा जो तरुण वाघ आईला सोडून नवी जागा शोधायला निघतो, तो आधी बफरमधल्या धानाच्या बांध्यांतून आणि नंतर ब्रह्मपुरीकडच्या, कोणत्याही उद्यानात किंवा अभयारण्यात न मोडणाऱ्या जंगलांतून चालतो. नकाशावरची हद्द त्याला ठाऊक नसते, आणि गावाबाहेर सकाळी डबा घेऊन निघालेल्या बाईलाही तिचा उपयोग नसतो.

हा खर्च कसा पडतो, ते एका उदाहरणाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये बफरमधल्या एका गावातून सकाळी सात वाजता फोन आला की रात्री गोठ्यात न परतलेली गाय नाल्याच्या काठी मारलेली सापडली आहे. मी पोहोचलो तेव्हा गायीचा मालक, साठीचा गृहस्थ, मृत जनावरापासून पन्नास पावलांवर पळसाच्या सावलीत बसून होता. मांडीचा भाग खाल्लेला होता, गळ्यावर सुळ्यांच्या खुणा होत्या, म्हणजे वाघच. नियमाप्रमाणे घटनेची खबर अठ्ठेचाळीस तासांच्या आत द्यावी लागते आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागचे हलवता येत नाही. वनरक्षक दुपारी आला. पशुवैद्यक दुसऱ्या दिवशी येणार होते, कारण त्यांच्याकडे तीन दवाखान्यांचा कार्यभार होता. तो माणूस दोन दिवस तिथे बसला, त्या दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि त्यानंतर आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सरपंचाचा दाखला अशा कागदांसाठी त्याने तालुक्याला तीन खेपा घातल्या. नुकसानभरपाईचा दर कागदावर वाईट नाही: गाय, बैल किंवा म्हैस मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. पैसे आले, पण पाच महिन्यांनी आले. पासबुकावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक होता, एवढ्यावर प्रकरण अडले होते.

त्या पाच महिन्यांत काय होऊ शकते, ते लक्षात घ्यायला हवे. वाघ मारलेल्या जनावराकडे परत येतो. संतापलेल्या माणसाला त्या कलेवरावर शेतातले कीटकनाशक टाकायला पाच मिनिटे पुरतात, आणि मग वाघ, त्याचे बछडे, तरस, कोल्हे, गिधाडे असे सगळेच मरतात. माझ्या पाहण्यातल्या अशा प्रकारांत वाघाबद्दल वैर क्वचितच होते. कोणी दखल घेत नाही, ही चीड होती. त्यामुळे आपल्या निधीतले सर्वांत मोलाचे काम मला हे वाटते: आठ-दहा गावांसाठी त्याच भागातली, गोंडी आणि मराठी दोन्ही बोलणारी एक मुलगी किंवा मुलगा पूर्ण पगारावर नेमावा, खबर येताच त्याने मोटारसायकलने पोहोचावे, छायाचित्रे काढावीत, पंचनामा होईपर्यंत मालकासोबत थांबावे, कागद त्याच आठवड्यात पुरे करून द्यावेत आणि प्रकरण मंजूर होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. त्याच दिवशी दोन-तीन हजार रुपयांची तातडीची मदत हातात देता आली तर फारच उत्तम. ही रक्कम भरपाई म्हणून पुरणार नाही. गावाच्या नुकसानीची कोणीतरी त्याच दिवशी दखल घेतली, एवढा तिचा अर्थ आहे. आमच्याकडे हे काम सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात एकच फरक दिसला, पण तो मोठा होता: गाय मारली गेल्याची खबर आम्हाला कळेनाशी होण्याऐवजी लगेच कळू लागली.

पीकनुकसानीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे असते. रानडुकरांनी हरभरा किंवा धान उलथवले तर भरपाईसाठी सातबारा लागतो. सातबारा बहुधा वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो आणि प्रत्यक्ष शेती बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करणारा भलताच कोणी असतो. त्याला काहीच मिळत नाही. तो रात्री जागलीला मचाणावर जातो, किंवा शेताभोवती तार ओढून तिच्यात चोरून वीज सोडतो. डुकरासाठी लावलेल्या या तारेवर वाघही मरतात आणि माणसेही मरतात. वारस नोंदी करून देण्याचे, बटईदाराचे संमतिपत्र लिहून घेण्याचे, म्हणजे तलाठी कार्यालयातले कंटाळवाणे काम हे वन्यजीव संरक्षणाचे काम आहे, हे मला समजायला सात-आठ वर्षे लागली.

इथे आमची एक चूकही सांगतो. जिवंत तारेला पर्याय म्हणून आमच्या संस्थेने दोन गावांत सौर झटका कुंपणाचे संच वाटले. त्यातला झटका क्षणभराचा असतो, त्याने जनावर पळते पण मरत नाही. वाटपाचा कार्यक्रम झाला, फोटो निघाले. पावसाळ्यात गवत वाढून तारेला टेकले, झटका गवतातून जमिनीत उतरू लागला, आणि दिवाळीपर्यंत निम्म्याहून अधिक संच बंद पडले. काहींच्या बॅटऱ्या घरच्या टीव्हीला जोडल्या गेल्या होत्या. दोष लोकांचा नव्हता. एकेका शेतकऱ्याला सुटा संच देण्याऐवजी दहा-बारा शेतांच्या चकाला मिळून एक कुंपण करावे, गवत काढण्याच्या पाळ्या ठरवून घ्याव्यात आणि गावातल्याच एखाद्या वायरमनला दुरुस्ती शिकवावी, हे आम्हाला नंतर सुचले. अशा कुंपणासाठी आणि स्वयंपाकाच्या गॅससाठी राज्य शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. त्यामुळे आपण संच विकत घेऊन देऊ नयेत. देखभालीचा खर्च आणि अर्ज भरण्याचे कष्ट आपल्याकडे घ्यावेत. गॅसचीही तीच कथा: जोडणी मिळते, दुसरे सिलिंडर भरायला पैसे नसतात, आणि डोक्यावर मोळी पुन्हा येते.

आता मोहाच्या झाडाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बाहेरून येणाऱ्या मंडळींना हा विषय सहसा दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीपासून गळू लागतात. हरणे, डुकरे आणि अस्वले ती खायला येतात, म्हणून बायका उजाडण्याच्या आधीच, चार-साडेचारला टोपली घेऊन झाडाखाली पोहोचतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळलेला असतो. ती आग राखली गेली नाही तर वणवा होतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, तेव्हा झुडपांत वाकून पाने खुडावी लागतात. वाकलेला किंवा बसलेला माणूस वाघाला उभ्या माणसासारखा दिसत नाही, आणि माणसांवरचे हल्ले या दोन हंगामांत वाढतात. जंगलात एकटे जाऊ नका, अंधारात जाऊ नका, असे सांगणारे फलक प्रत्येक गावाच्या वेशीवर आहेत. पण अस्वलाआधी पोहोचले नाही तर फुले जातात, आणि एका हंगामाच्या मोहावर घरातले तेल-मीठ, मुलांची पुस्तके आणि पेरणीच्या वेळचे बियाणे अवलंबून असते. अशा बाईला सूचना देऊन काय होणार?

उपयोग झाला तो जाळीचा. झाडाखाली चार खुंट्यांना जमिनीपासून वीत-दीड वीत वर हिरवी शेडनेटची जाळी बांधली की फुले जाळीवर पडतात, माती लागत नाही, पाचोळा जाळावा लागत नाही, डुकरांना ती सहज खाता येत नाहीत आणि बाई आठ-नऊ वाजता, सोबत घेऊन, सावकाश जाऊ शकते. स्वच्छ फुलांना व्यापाऱ्याकडून भावही थोडा बरा मिळतो. पहिल्या वर्षी आम्ही जाळ्या फुकट दिल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याचशा भाजीच्या वाफ्यांवर गेल्या. दुसऱ्या वर्षी महिला बचत गटाने निम्मी किंमत घेऊन दिल्या, आणि कोणते झाड कोणाचे हे गटानेच ठरवले. परंपरेने प्रत्येक झाडाचा मालक गावाला ठाऊक असतो, तो आपण ठरवायला जाऊ नये. खर्च कमी आणि गुण मोठा, असे दुसरे काम मला आठवत नाही. मात्र गाभा क्षेत्रातल्या, म्हणजे बफरच्या आतल्या उद्यान-अभयारण्यातल्या, झाडांसाठी हा मार्ग नाही, तिथे वनोपज गोळा करायला परवानगी नसते. बफर आणि गावालगतचे जंगल एवढ्यापुरतेच हे बोलतो आहे.

काही कामे छोटी आहेत आणि त्यांवर फार चर्चा करण्याचे कारण नाही. शेतातल्या उघड्या विहिरींना कठडे बांधावेत. त्यांत बिबटे पडतात, गुरे पडतात. गुरांचे लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाचे लसीकरण पशुसंवर्धन विभागाकडून वेळेवर करून घ्यावे, कारण हे रोग एकाच पाणवठ्यावर येणाऱ्या रानगव्यांपर्यंत पोहोचू शकतात. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी, ही मागणी गावे वर्षानुवर्षे करत आली आहेत. अंधारात पाणी द्यायला जाणारा शेतकरी हा वाघाच्या वाटेवरचा सर्वांत सोपा माणूस असतो. या मागणीमागे शहरातली एखादी संस्था उभी राहिली तर पत्राला वजन येते. सौर दिव्यांना माझा विरोध नाही, पण ते चावडीसमोर लागतात आणि गरज असते ती शौचालयाच्या आणि गोठ्याच्या वाटेवर.

पर्यटनाबद्दल आपण विचारले नाही, तरी लिहितो, कारण बाहेरच्यांना स्थानिकांचा फायदा म्हणजे पर्यटन असेच वाटते. फाटकाजवळच्या गावांत फरक निश्चित पडला आहे. गाईड, जिप्सीचालक, होमस्टे यांमुळे मुंबई-हैदराबादला जाणारी मुले गावात राहिली, मुली गाईड झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले. पण प्रवेशद्वारे थोडी आणि गावे पुष्कळ. ज्या गावाकडून फाटकाचा रस्ता जात नाही, त्याला वाघाचा त्रास तेवढाच होतो आणि पर्यटनाचा रुपया दिसत नाही. आपण काम निवडताना मोहर्ली किंवा कोलारा अशी फाटकाजवळची नेहमीची नावे टाळून अशा मागे राहिलेल्या गावांकडे जावे. राहायला चांगली सोय नसेल, एवढाच तोटा.

आता ज्या मुद्द्यावर संस्था सहसा बोलत नाहीत, तो हक्कांचा. प्रत्येक बफर गावात ईडीसी, म्हणजे ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असते. तिचा सचिव वनखात्याचा कर्मचारी असतो आणि पैशाच्या व्यवहाराला त्याची सही लागते. ही समिती उपयोगी आहे, तिच्यासोबत काम करावेच. पण ती ग्रामसभा नव्हे. वनहक्क कायदा २००६ नुसार ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीवर हक्क मिळतो, आणि त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये वन्यजीव, वन आणि जैवविविधतेचे रक्षण करण्याचा अधिकारही तिला दिलेला आहे. हक्क मिळाले की जंगल तोडले जाईल, ही भीती मी अनेक सुशिक्षितांकडून ऐकली आहे. त्यांनी याच जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव पाहावे. या गावाला २०१२ मध्ये १००६ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूविक्रीतून उत्पन्न सुरू झाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणी आपणहून बंद केली, कारण तेंदूसाठी झुडपे छाटावी लागतात आणि आगी लावल्या जातात. जंगलाचा एक भाग तर त्यांनी अजिबात हात न लावता राखून ठेवला. पाचगाव व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत नाही, हे खरे. पण निर्णय घेण्याचा अधिकार मिळाल्यावर गाव कशाचा विचार करते, हे तिथे दिसते.

लोकांना न विचारता आखलेल्या हद्दीचे काय होते, त्याचे उदाहरण सोलापूर-नगरकडचे माळढोक पक्ष्यासाठीचे अभयारण्य. १९७९ मध्ये ते जवळजवळ ८५०० चौरस किलोमीटरवर घोषित झाले आणि त्यात लोकांच्या खासगी शेतजमिनी, वस्त्या, बाजारपेठांची गावेसुद्धा आली. जमिनीच्या व्यवहारापासून बांधकामापर्यंत प्रत्येक गोष्ट अडू लागल्यावर माळढोक या शब्दाचाच लोकांना राग येऊ लागला. पुढे क्षेत्र १२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर पक्षी दुर्मीळ झाला होता आणि लोकांच्या मनातला राग काही क्षेत्राबरोबर आक्रसला नाही.

एक विनंती स्पष्ट शब्दांत करतो. गाभा क्षेत्रातील गावांच्या पुनर्वसनाच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करण्यात आपण पडू नये. कायद्याने पुनर्वसन स्वेच्छेचे हवे, ग्रामसभेची संमती हवी आणि आधी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण झालेली हवी. प्रति कुटुंब मिळणारी रक्कम पूर्वी १० लाख होती, ती आता १५ लाख झाली आहे. काही कुटुंबांनी स्वतः मागणी करून स्थलांतर केले, काहींचे नव्या जागी हाल झाले. हा निर्णय ज्यांच्या घराचा आहे त्यांनी घ्यावा. आपण करायचेच असेल तर उठून गेलेल्या कुटुंबांच्या नव्या वस्तीत सात-बारा, रेशन कार्ड आणि शाळा यांची काय स्थिती आहे, ते जाऊन पाहावे. तिथे मदतीला फारसे कोणी जात नाही.

ट्रॅप कॅमेरे देऊ नयेत, असे मी सुचवेन. प्रकल्पाकडे ते पुरेसे असतात आणि त्यांतून निघणारी माहिती गावापर्यंत येत नाही. त्याऐवजी गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या मुलांना, ज्यांना सगळे पीआरटी म्हणतात, चांगले टॉर्च, बूट, दोरखंड, भोंगा आणि विमा द्यावा. वाघ शेतात बसलेला असताना पाचशे माणसांचा जमाव मागे हटवणे हे काम गावातलाच मुलगा करू शकतो, बाहेरच्या गणवेशाचे कोणी ऐकत नाही. त्यात हा मुलगा जखमी झाला तर त्याच्या घरी काय, याचे उत्तर आधी तयार असावे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणसाचा मृत्यू झाल्यास राज्यात २०२३ पासून २५ लाख रुपये मिळतात, त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत राहतो. पण मोडलेल्या पायाने सहा महिने घरी बसलेल्या मुलाचे रोजचे कसे चालायचे?

सहा लाखांचा हिशेब मी असा मांडीन. निम्म्याहून थोडे अधिक पैसे दोन स्थानिक कार्यकर्त्यांच्या पगाराला आणि पेट्रोलला लागतील. दात्यांना हे आवडत नाही, हे मला माहीत आहे. लाखभर तातडीच्या मदतीसाठी वेगळे ठेवावेत. उरलेल्यातून मोहाच्या जाळ्या, पीआरटीचे साहित्य आणि वर्षाला चार-पाच विहिरींचे कठडे होतील. शाळेतला कार्यक्रम करायचाच असेल तर एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला वर्गात बोलवावे आणि त्याच्या मानधनाची सोय करावी. आठ-दहा गावांना तीन वर्षांचा शब्द देता येत नसेल तर एकाच गावात काम करावे, पण तीन वर्षे करावे.

पैसे पाठवण्याआधी आपल्यापैकी दोघे-तिघे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या. बॅनर आणू नका. पहाटे चारला उठून महिलांच्या गटासोबत, सगळ्यांच्या मागे किंवा पुढे न जाता मधोमध चालत, गावालगतच्या एखाद्या मोहापर्यंत जाऊ, आणि परतल्यावर ग्रामसभेच्या अध्यक्षांकडे बसून गेल्या वर्षी कोणाचे काय गेले आणि त्यातले काय अजून मिळालेले नाही, याची यादी करू. माझ्या अनुभवात ती एका वहीत मावत नाही, तेव्हा दोन आणा.